काहिलीवरचा फेस

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. अकरावीत शाळा सोडलेला माणूस मी. लिहायचं कुणी शिकवलं नाही, मोबाइलवरच हात बसला. चार ओळी दणादण येतात, मग तासभर काहीच नाही. पण पुसलं ते त्यामुळं नाही. ह्यात एक चिठ्ठी आहे. बारा दिवस ती माझ्या मोबाइलच्या कव्हरमध्ये होती. तिच्यापाशी आलो की बोट थांबायचं.

आज थांबत नाही.

सात वर्षं झाली. माघ महिना, गुऱ्हाळ जोरात. सकाळचे दहा वाजले असतील. मी आणि भुजा काहिलीपाशी उभे. चार माणसं हात पसरून उभी राहिली तरी मिठीत येणार नाही एवढी लोखंडाची काहील, तिच्यात उसाचा रस रटरटतोय, आणि भुजा ओठ न हलवता मला विचारतोय,

"रंग सांग."

"पिवळा. कडंला लाल यायलाय."

"बुडबुडं?"

"मोठं. फुटताना उडायलेत."

"हळू बोल की लेका. अण्णा बघायलेत."

भुजंगा, आम्ही भुजा म्हणायचो, आमच्या गुऱ्हाळाचा गुळव्या होता. एकतीस वर्षांचा. पंचक्रोशीत एवढा तरणा गुळव्या दुसरा नव्हता. रस कधी गूळ झाला ते गुळव्या ठरवतो. आधी उतरला तर गूळ धरत नाही, उशिरा उतरला तर करपतो, मधे फार तर एक मिनिट. त्या मिनिटाला तो "उचला" म्हणतो, मग चौघं कड्यांत बांबू घालून काहील ओढतात आणि गूळ गार करायच्या वाफ्यात ओततात. "उचला" हा शब्द एकट्या गुळव्याचा. अण्णा गुऱ्हाळाचे मालक, पण तेसुद्धा काहिलीपाशी हा शब्द बोलत नाहीत. दुसऱ्याच्या तोंडातनं आला की गुळव्याची अब्रू गेली.

मी मळी काढायचो. रस तापला की काळा फेस वर येतो, त्याला मळी म्हणतात. भेंडीचं पाणी आणि चुना टाकला की ती आणखी वर येते, झाऱ्यानं ओढून काढायची. मळी निघाली की खाली रस निवळशंख. बाप वारला त्या वर्षी भुजानंच मला चुलाणापासनं, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत चिपाडं सारायच्या कामावरनं, उचलून काहिलीवर आणलं. "ह्याची नजर चांगली हाय अण्णा," म्हणाला होता.

माझी नजर चांगली. त्याची जात चालली होती.

भुजाला साखर होती. बाविसाव्या वर्षी निघालेली. गावात चेष्टा चालायची, गुळव्याला साखर म्हंजी सुताराला कुसळ, धंद्यातच असतंय. तोही हसायचा. पावसाळ्यात गोळ्या घ्यायचा आणि हंगाम सुरू झाला की सोडायचा. "गोळी घेतली की जिभेवर लोखंड आल्यागत हुतंय. चव कळत न्हाई. गुळव्यानं जीभ मारून कसं चालंल?" त्या दिवाळीपासनं त्याला धूसर दिसायला लागलं. वाफ बसली डोळ्यावर, म्हणाला. मलाही ते पटलं. दिवसाला चार-चार आधणं, म्हणजे चार-चार काहिली रस, वाफेत उभं राहायचं, बसणारच.

मग आम्ही एक खूण ठरवली. मी त्याच्या मागं उभा राहायचं, झारा हातात, आणि त्याच्या पाठीत बोट लावायचं. एक बोट, मळी संपली. दोनदा, जाळ कमी करायचा. तीनदा, उचलायची वेळ. ओरडायचा तोच. दिवाळीपासनं माघापर्यंत कुणाला कळलं नाही. त्याच्या बायकोला, अलका वैनींनासुद्धा नाही.

त्या दिवशी मी तीनदा बोट लावलं. तो ओरडला नाही.

परत लावलं. चौघं बांबू घालून वाकलेले. रस लाल झाला, कडंनं काळसर दोरा दिसायला लागला.

"भुजा," अण्णा बाजेवरनंच म्हणाले, "वास मारायलाय रे."

भुजानं मागं हात करून माझं मनगट धरलं. चुलाणाशेजारी उभा माणूस, पण हात बर्फ.

"शाई सांडली," तो पुटपुटला.

"कुठं?"

"उजव्या डोळ्यात. काळी. धाग्याधाग्यानं खाली उतरायलीया. सर्ज्या, मला काय सुदिक दिसंना."

"तीन झाली भुजा. तीन!"

"उचला!" तो ओरडला, आणि मागं सरकायच्या ऐवजी पुढं पाऊल टाकलं.

मी त्याला करदोट्याला धरून ओढलं. दोघं चिपाडावर पडलो. काहील सरसरत आमच्या पायाशेजारनं गेली. चौघातल्या एकानं हसत विचारलं, "काय रं, सकाळसकाळ लावून आलाईसा का?" भुजाही हसला. पडल्यापडल्या हसला, आणि एक डोळा हातानं झाकून माझ्याकडं बघितलं. मग दुसरा झाकला. त्याचं हसणं मी अजून विसरलेलो नाही.

अण्णांनी वाफ्यातला गूळ बोटावर घेतला. "नेहमीगत," म्हणाले. त्यांच्या तोंडी ह्याहून मोठं कौतुक नाही.

डोळ्यात चिपाडाचं कुसळ गेलं सांगून आम्ही तालुक्याला गेलो. मोटारसायकल मी चालवली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, नेर्लेकर नाव त्यांचं, पन्नाशीच्या. डोळ्यात थेंब टाकून अर्धा तास बसवलं, मग त्या दुर्बिणीतनं बघतच राहिल्या. उजवा, डावा, परत उजवा. खोलीत अंधार. भुजाची चुळबुळ.

"साखर किती वर्षं?"

"नऊ."

"गोळ्या?"

"घेतो की."

"कधी?"

"पावसाळ्यात."

"उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय. पडद्यावरच्या बारीक नळ्या फुटल्यात. तो डोळा किती परत येईल, आज सांगता येत नाही. डावा वाचवता येईल. बुधवारी लेझर करू. रक्तदाब कधी मोजलाय?"

"गुळव्याला कशाला रक्तदाब," भुजा म्हणाला. "आमच्या काहिलीला हुतोय तेवढा बास."

बाई हसल्या नाहीत. एका कागदावर काहीतरी लिहिलं. भुजाला बाहेर बसवलं, मला थांबवलं.

"तुम्ही भाऊ?"

"मित्र."

"मग ऐका. त्यांनी ऐकलं नसतं. डोळ्याच्या मागं ज्या नळ्या असतात ना, केसाहून बारीक, तसल्याच नळ्या मूत्रपिंडात असतात. साखर दोन्हीकडं एकच काम करते. फरक एवढाच, डोळ्यातल्या मला दिसतात, मूत्रपिंडातल्या कुणालाच दिसत नाहीत. दुखत नाही, काही नाही. डोळ्यात एवढं झालंय म्हणजे तिकडंही झालेलं असणार, असंच धरून चालायचं. ही लघवीची आणि रक्ताची तपासणी लिहून दिलीय. ह्या आठवड्यात. पाय सुजतात का त्यांचे?"

"चुलाणाजवळ उभं राहून सुजत्यात थोडं."

"लघवीला फेस येतो?"

मला हसू आलं. "मला कसं ठाव बाई?"

"विचारा. मूत्रपिंड म्हणजे चाळणी समजा. घाण बाहेर टाकायची, चांगलं अंगात ठेवायचं. ती चाळणी फाटली की चांगलंच गळून जातं. तोच तो फेस. सगळ्यांचा फेस तसलाच असतो असं नाही, पण ह्यांचा असेल तर थांबू नका."

मी मान हलवली.

बाहेर भुजा पायरीवर उन्हाला डोळे मिटून बसलेला. थेंबांनी बुबुळं ही एवढी झालेली. चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"काय म्हणाली?"

"लघवी तपासायला सांगितलीया. रक्त बी."

"डोळं दाखवायला आलोय का मुतायला?"

"मूत्रपिंडाचं काय तर..."

"आज मूत्रपिंड, उद्या काळीज. एकदा ह्यांच्या हातात गावलो की हंगाम ह्यांच्याच दारात जायाचा." त्यानं चिठ्ठी परत माझ्या हातात कोंबली. "ठेव तुज्याकडं. शिवरात्र झाली की जाऊ."

शिवरात्र सोळा दिवसांवर होती. शिवरात्रीला आमच्याकडं शेवटचं आधण निघतं, आणि मालक पुढच्या सालच्या गुळव्याच्या हातात नारळ देतो. नारळ मिळाला की एक साल चिंता नाही. नाही मिळाला तर गुळव्यानं काय करायचं? दुसरं त्याला काही येतच नसतं. केर्लीचा एक गुळव्या, सगळे त्याला दाजी म्हणायचे, दोन वर्षं अण्णांच्या बाजेवर चहाला येऊन बसत होता. भुजाला दिसत नाही एवढं एक वाक्य त्याच्या कानावर गेलं असतं तरी बास होतं.

"शपथ घे," भुजा म्हणाला. "कुणाला बोलणार न्हाईस. अलकाला बी न्हाई."

मी गळ्याला हात लावला. चिठ्ठीची घडी घातली आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये सारली.

बुधवारी लेझर झालं. बाईंनी विचारलं, तपासणी केली का? भुजा म्हणाला, केली, रिपोर्ट घरी हाय. मी शेजारी उभा होतो. मी भिंतीवरची अक्षरांची पाटी बघत होतो.

आता ते बारा दिवस.

खूण चालूच होती, फक्त आता बोटावर सगळंच होतं. उजव्या डोळ्यापुढं काळं जाळं, डाव्याला लेझरनंतर चमचम. मी एकदाही चुकलो नाही हे सांगतो. आधण एकसुद्धा बिघडलं नाही. अण्णा रोज "नेहमीगत" म्हणायचे आणि मला आतून बरं वाटायचं. खरं सांगायचं तर गर्वच वाटायचा. काहील मी चालवतोय, ओरडतोय तो.

त्याची कंबर धरली होती. त्या दिवशी चिपाडावर पडलो तेव्हापासनं. "आडवं व्हायला जमंना रं," म्हणाला. मी फाट्यावरच्या मेडिकलमधनं कंबरदुखीच्या गोळ्या आणल्या. बिनचिठ्ठीच्या मिळतात, कुणी विचारत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. पाच दिवसांनी तो म्हणाला, एकानं भागंना. मग सकाळी दोन. पाकीट संपलं की मीच नवीन आणायचो.

एके सकाळी तो म्हणाला, "सर्ज्या, माझं तोंड सुजलंय का रं? अलका म्हणत्या, सकाळचं डोळ्याखाली पिशव्या लोंबत्यात. मला आरशात नीट दिसंना."

मी बघितलं. सुजलं होतं. गालावर बोट दाबलं असतं तर खळगा पडला असता.

"न्हाई रं," मी म्हटलं. "झोप न्हाई तुजी. धूर बसतोय."

"व्हय न्हवं?"

"व्हय."

त्याला बरं वाटलं. माझ्या डोळ्यांवर त्याचा विश्वास होता, आपल्याहून जास्त.

बाराव्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. अलका वैनी भाकरी घेऊन आलेल्या, पलीकडं अण्णांच्या बायकोशी बोलत होत्या. पहिलं आधण उतरलेलं, दुसऱ्याचा रस काहिलीत पडत होता. भुजा खुशीत.

"तुला एक सांगू का? कुणाला सांगू नगंस, वंगाळ हाय."

"सांग की."

"माजी मळी निघायलीया."

"म्हंजी?"

तो माझ्या कानाशी वाकला. "मुतताना फेस येतोय, सर्ज्या. काय सांगू तुला, असा थराचा थर. बसतच न्हाई खाली. काहिलीला येतोय तसा. महिना झाला. पयला घाबरलो. मग म्हटलं, अरे येड्या, तू गुळव्या न्हवं का? फेस वर आला म्हंजी काय? घाण भाईर पडायलीया. नऊ वर्साची साखर आत साठल्याली, ती निघायलीया. मळी गेली की रस निवळतोय. शिवरात्रीपर्यंत बघ, डोळं बी निवळत्यात."

आणि हसला. मीही हसलो. खरंच हसलो, कारण बोलणं बरोबर वाटलं. आमच्या धंद्यात फेस म्हणजे घाणच. आमच्या हाताखालनं रोज तेच जातं. कुणी डॉक्टर सांगायच्या आधी काहील सांगते.

मग दुसरं आधण चढलं. चुना टाकला, भेंडीचं पाणी ओतलं. मळी वर यायला लागली. मी झारा घेऊन ओढायला लागलो. एक, दोन, तीन. काळी, जाड. टोपलीत टाकत होतो, आणि हात आपोआप चालत होता, आणि डोक्यात ती बाई बोलायला लागली. फेस येतो? विचारा.

काहिलीत मळी येते कारण आम्ही भेंडी टाकतो. जाळ घालतो. वर उभं राहून ती काढून टाकतो. भुजाच्या आत कुणी काय टाकलं होतं? कोण काढत होतं?

चांगलंच गळून जातं, ती म्हणाली होती. तोच तो फेस.

मळी नव्हती ती. रस चालला होता त्याचा.

झारा टोपलीवर आपटला. भुजा पाठमोरा, माझ्या बोटाची वाट बघत. मळी संपलेली होती. एक बोट लावायचं होतं. मी लावलं नाही.

"झोपलास का?" तो पुटपुटला.

"भुजा, दवाखान्यात चल."

"काय?"

"आत्ता. चिठ्ठी हाय माझ्याकडं. चल."

"आधण चढलंय, मर्दा."

"चढू दे."

"सर्ज्या." आवाज एकदम खाली गेला. "चार दिवस राहिल्यात शिवरात्रीला. बोट लाव."

मी अण्णांकडं बघितलं. शेजारी तो केर्लीचा दाजी, बशीत चहा फुंकत. एवढ्या दिवसांत नेमका आजच. मी ओरडलो.

"अण्णा! ह्याला दिसत न्हाई!"

चरक चालू होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"दिवाळीपासनं दिसत न्हाई. बोट मी लावतोय त्याच्या पाठीत. आधणं मी बघतोय. उजवा डोळा गेलाय त्याचा आणि दुसरं बी काय तर चाललंय आत, डॉक्टरीणबाईनं तपासायला सांगितलंय."

दाजीनं बशी खाली ठेवली. अलका वैनी उठून उभ्या राहिल्या. फक्त रस रटरटत होता.

भुजा वळला नाही. काहिलीकडं तोंड करून तसाच उभा. मग त्यानं मान थोडी कलती केली, ऐकल्यागत.

"मळी झाली," तो मोठ्यानं म्हणाला. "जाळ वाढव."

चुलाणापाशी बसलेल्या माणसानं अण्णांकडं बघितलं.

"त्याच्याकडं काय बघतोस? गुळव्या मी हाय. वाढव!"

अण्णांनी हळूच मान हलवली. जाळ वाढला. आणि मग अर्धा तास, खोटं सांगत नाही, अर्धा तास तिथं कुणी शब्द बोललं नाही. मी झारा धरून भिंतीला टेकलेलो. भुजा डोळे मिटून उभा. मिटून. बुडबुडे आधी टपटप वाजतात, मग लदलद. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

"जाळ वढ," भुजा म्हणाला. चुलाणापाशीच्या माणसानं जळतं चिपाड मागं ओढलं.

रस लाल झाला. माझ्या हिशेबानं अजून थोडं बाकी होतं. तो थांबला. माझ्या हिशेबानं वेळ आली. तो थांबला. चौघं वाकलेले, घाम गळतोय.

"उचला!"

काहील गेली. अण्णा उठले, वाफ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. दाजीनंही लावलं. दाजीनं परत एकदा बोट बुडवलं.

"नेहमीगत," अण्णा म्हणाले.

मग भुजा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. चेहरा सुजलेला, लाल.

"तुजं बोट मला कशाला लागत हुतं, कळलं का? भ्या वाटायचं म्हणून. मागं कोण तर हाय, एवढं कळावं म्हणून. काहील मला ऐकू येती." तो थुंकला. "आता नारळ तुलाच द्या म्हणावं. त्यासाठीच केलंस न्हवं?"

मी झारा खाली ठेवला.

"भावजी," अलका वैनी मधे आल्या. "चिठ्ठी कुठाय?"

मी मोबाइलचं कव्हर काढलं. घडी कडेनं काळी पडलेली. त्यांनी उलगडली. सातवी शिकलेल्या त्या. तारीख वाचायला सातवी लागत नाही.

"बारा दिस?"

"व्हय," मी म्हटलं.

"बारा दिस मी इचारतेय, तोंड का सुजलंय, पाय का सुजलंय. आणि तुमच्या मोबाइलात हाय व्हय ह्ये?" त्यांनी माझ्यापुढं आणखी शब्द खर्च केला नाही. नवऱ्याचा हात धरला. "चला."

"अलका, सांच्याला दोन आधणं..."

"अण्णा हाईत की. न्हाई तर त्ये केर्लीचं हाईत. चला म्हणते."

गेला. वैनींपुढं त्याचं कधी चाललंच नाही.

मोटारसायकलवर तिघं. लॅबमध्ये रक्त दिलं, लघवी दिली. ती काचेची बाटली त्यानं टेबलावर ठेवली. वरचा फेस, मी घड्याळ बघत होतो, पाच मिनिटं बसला नाही.

रिपोर्ट घेऊन मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्तदाब मोजला, परत मोजला, कागद वाचला.

"प्रथिनं खूप जातायत. रक्तातलं क्रिएटिनिन दुपटीहून जास्त आहे. मूत्रपिंडांचं अर्ध्याहून जास्त काम गेलंय. पूर्ण नाही गेलेलं. दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?"

भुजा म्हणाला, "कमरंच्या."

"बघू."

मी खिशातनं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी उलटं करून नाव वाचलं.

"रोज किती?"

"तीन," मी म्हटलं. "कधी चार."

"ह्या गोळ्या असल्या मूत्रपिंडाला विष. कोण देतंय?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "डोळ्याच्या बाईंनी बारा दिवसांपूर्वी लिहून दिलं होतं. त्या दिवशी आला असता, तर ह्या तरी थांबल्या असत्या." पाकीट मला परत दिलं नाही. ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला.

अलका वैनी खिडकीतनं बाहेर बघत होत्या. भुजा माझ्याकडं बघत होता. म्हणजे माझ्या दिशेनं. मी त्याला किती दिसत होतो कुणास ठाऊक.

बारा दिवसांत किती गेलं, कुणी मोजून सांगितलं नाही. मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. तेच वाईट आहे. आकडा असता तर उचलून ठेवला असता.

शिवरात्रीला नारळ दाजीला मिळाला. अण्णा मला म्हणाले होते, तू घेतोस का? मी घरी निघून गेलो.

भुजा दोन सालं माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात आलो की तोंड फिरवायचा, त्यालासुद्धा कुणीतरी सांगावं लागायचं सर्ज्या यायलाय म्हणून. गोळ्या, इंजेक्शन, पथ्य, सगळं वैनींनी लावून दिलं. मीठ बंद, गूळ तर सोडाच. कमरेच्या गोळ्या थांबल्यावर थोडं सुधारलं, थोडंच. उजवा डोळा गेला तो गेला. डावा आहे. डायलिसिसच्या मशीनवर जायची वेळ अजून आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कधीतरी, ढकलत राहायचं.

मग एका हंगामात दाजीचं आधण लागोपाठ तीनदा करपलं, आणि अण्णांनी भुजाला बाजेवर आणून बसवलं. मला काहिलीपुढं उभं केलं. "डोळं मिट," भुजा म्हणाला. दोन वर्षांतला पहिला शब्द. "मिट म्हटलं न्हवं? आता ऐक."

आता नारळ मला असतो. बाजेवर तो असतो.

हे सगळं टाइप करून झाल्यावर काल दुपारी त्याला वाचून दाखवलं. दोन आधणांच्या मधे. डोळे मिटून ऐकत होता.

"गोळ्यांचं लिवलंस?"

"लिवलंय."

"किती म्हणून लिवलंस? तीन का चार?"

"तीन, कधी चार."

"आणि तोंड सुजलंय का म्हणून इचारलं हुतं, त्ये?"

"त्ये बी."

तो बाजेच्या काठावर पुढं सरकला, आणि तोंड वर करून माझ्यापुढं धरलं, न्हाव्यापुढं धरतात तसं.

"मग आज सांग. कसं दिसतंय?"

मी बघितलं. डाव्या डोळ्याखाली पिशवी. गालावर बोट दाबलं, उचललं. खळगा राहिला.

"सुजलंय," मी म्हटलं. "डाव्या अंगाला जास्त. परवा एवढं नव्हतं."

"मग बघत काय बसलाईस? आधण उतरलं की गाडी काढ." त्यानं गाल चोळला. "आणि हे बघ सर्ज्या. डावा बी जाईल कवा तर. मशीन बी येईल. येऊ दे. पण तू मला बरं वाटावं म्हणून पुन्यांदा काय सांगायचं न्हाई. दिसंल तसं सांगायचं. घे शपथ."

गळ्याला हात मी एकदा लावला होता. ह्या वेळी नाही लावला. त्याचा हात घेतला आणि माझ्या डोळ्यांवर ठेवला.

"दिसंल तसं सांगीन भुजा," मी म्हटलं. "त्याच घडीला सांगीन."